बादलीतलं कासव

कालव्याचं पाणी बंद होतं त्या आठवड्यात.
बुद्धभूषणच्या मामाला चिखलात सापडलं ते.
रंगाच्या रिकाम्या बादलीत घालून
दांडेकर पुलाजवळच्या आमच्या पाळणाघराच्या दारात ठेवलं,
म्हणाला, "ताई, पोरांना दाखवा, मला उशीर होतोय."

बावीस मुलं, एक बादली.
मी म्हणाले, ओळीनं या.
कोण ऐकतंय!

बराच वेळ काहीच झालं नाही.
पाण्याच्या तळाशी एक हिरवट ताटली,
वर बावीस डोकी.
"मेलंय," इकरा म्हणाली.
"झोपलंय," धनेश.
"दगड आहे," सगळ्यात धाकटा मल्हारी म्हणाला.
त्यानं कासव एकच पाहिलेलं,
देवळात, गाभाऱ्यासमोर, फरशीत बसवलेलं,
ज्याच्या पाठीला हात लावूनच पुढं जायचं असतं.
त्यानं बादलीलाही हात जोडले.

तेवढ्यात पाण्यातून नाक आलं वर,
पिपाणीच्या टोकाएवढं.
एक श्वास घेतला, पुन्हा खाली.
आणि सगळ्यांच्या लक्षात आलं
की आपणही मघापासून श्वास घेतला नव्हता.

मग मी शिकवायला लागले.
बघा, आपल्याकडे दोघांनाही कासवच म्हणतात.
एक रानातलं. त्याची पाठ घुमटासारखी,
पाय खुंटासारखे. गवत खातं, उन्हात बसतं.
कौतुकानं कुणी तळ्यात टाकलं तर बुडून मरेल बिचारं.
आणि हे पाण्यातलं.
पाठ चपटी, भाकरीसारखी, वरून कातडं,
बोटांच्या मध्ये पडदे,
पाय आत घेतले की पोटाखालून झाकणं लावून घेतं.
हात नका लावू, चावतं!
"म्हणजे आडनाव एक, गाव वेगळं," इकरा म्हणाली.
माझ्या तक्त्यावर हे नव्हतं.

धनेशनं विचारलं,
"घर पाठीवरच आहे, तर भाडं नाही ना लागत?"
दिवाळीपासून तिसरी खोली त्यांची.
मी म्हटलं, राजा, ते घर नाही रे,
त्याच्याच बरगड्या आहेत त्या, पसरून जुळलेल्या.
तुला तुझ्या बरगड्यांतून बाहेर येता येईल का?
त्यानं शर्ट वर केला, दाबून पाहिलं
दोन्ही बाजूंनी, नीट.
"नाही येत," म्हणाला.

बुद्धभूषण मात्र बादलीपासून हललाच नव्हता.
"याची आई कुठंय?"

माझी आई सांगायची,
कासवी पिल्लांना दूध पाजत नाही,
नुसती बघते लांबून,
आणि त्या बघण्यावरच पिल्लं मोठी होतात.
ती स्वतः दिवसभर दुसऱ्यांची धुणी धुवायची,
मला ते खरंच वाटायचं.
पुढं प्रशिक्षणात पुस्तक दिलं, त्यात लिहिलेलं:
मादी खड्डा खणते, अंडी घालते, माती लोटते,
निघून जाते. परत येत नाही.

काय सांगू?
यांच्या आया सहालाच बाहेर पडलेल्या,
कुणी स्वारगेटला बसच्या रांगेत,
कुणी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.
मी म्हटलं, आई आधी जागा शोधते.
पाणी शिरणार नाही, ऊब राहील, अशी.
मागच्या पायांनी खणते.
अंडी ठेवून माती ओढते, दाबते,
मग तिला जावं लागतं.
बुद्धभूषणनं मान हलवली,
जणू हे त्याला माहीतच होतं,
फक्त मला येतं का ते बघत होता.

चार वाजता वनखात्याचा माणूस आला.
हे पाळायचं नसतं, कायदा आहे, मीच फोन केला होता.
तरी तीन मुलं माझ्याशी बोलेनात.
खडकवासल्याकडं नेतील का? नेतील बहुतेक.
बादलीत बोटभर गढूळ पाणी उरलं.

आणि मल्हारीनं स्वेटरात डोकं घेतलं,
हात घेतले, गुडघे पोटाशी.
सहाला त्याची आई आली, घाईत,
हाक मारणार तेवढ्यात मी तिला थांबवलं.
बसा जरा.
नाक आधी बाहेर येतं.