मॅक म्हणजे मुलगा

खडकीच्या चर्चची जुनी दफन-रजिस्टरं
कॉम्प्युटरवर चढवायची, पानामागे अकरा रुपये.
वाळवीनं खाल्लेली अक्षरं अंदाजानं भरायची नाहीत,
तिथे टिंबं द्यायची,
अशी रेव्हरंड रणभिशांची ताकीद.

नव्वद पानांत सात मॅकिन्टायर निघाले.
एक शिपाई, वय एकोणीस, पटकी.
एक बाई, बाळंतपणात,
आणि तिच्याच ओळीखाली
नाव ठेवायच्या आधी गेलेलं,
नुसतं आडनाव असलेलं मूल.
एक दारूगोळ्याच्या कारखान्यातला फोरमन.
एक पलटणीच्या बँडात ढोल बडवणारा.
एक घोड्यांचा डॉक्टर,
आवारातल्या त्याच्या दगडावर घोडीचं नाव
त्याच्यापेक्षा ठळक.
आणि सातवा :
टिंब टिंब टिंब मॅकिन्टायर.

मोठं घराणं होतं का हो हे? मी विचारलं.
रेव्हरंड चष्मा पुसत होते.
अगं, मॅक म्हणजे मुलगा, म्हणाले,
आणि पुढचं, त्यांच्या डोंगराळ भाषेत, सुतार.
सुताराचा मुलगा. झालं.

मी कीबोर्डवरून हात उचलले.
गळ्यातल्या कार्डावर माझा फोटो, खाली
वैजयंता गेनबा सुतार.

त्यांच्यात एक गोष्ट सांगतात म्हणे.
भर समुद्रात बोटीची खुंटी निसटली,
भोकातून पाणी आत, मालक देवाचं नाव घेतोय,
तेव्हा कुणी एकानं भोकात अंगठा खुपसला.
पण वल्ही मारायला दोन्ही हात मोकळे हवेत,
म्हणून कुऱ्हाडीनं तो तिथेच तोडला
आणि बोट किनाऱ्याला लावली.
तेव्हापासून त्याला सुतार म्हणाले.
खरंखोटं देव जाणे, असं म्हणून रेव्हरंड हसले,
आणि देवाचा लेक सुताराच्याच घरी वाढलेला,
तो आपल्या माणसांची बाजू घेणारच.

अण्णांचा उजवा अंगठा
भवानी पेठेतल्या लाकूड बाजारात गेला,
बँडसॉवर. सागाची फळी होती,
कुणाच्या तरी देव्हाऱ्यासाठी.
त्याची गोष्ट झाली नाही.
मालकानं मूठभर हळद दिली
आणि आठ दिवसांचा खाडा धरला.

आता रेशनच्या दुकानात मशीन म्हणतं, अंगठा ठेवा.
अण्णा उरलेला ठेवतात.
मशीन म्हणतं, जुळत नाही.
जुळेल कसा, अण्णा म्हणतात,
साठ वर्षं पॉलिशपेपरनं घासलाय.
मागची रांग ओरडते.

दादानं बाणेरला मॉड्युलर किचनचं दुकान काढलं
त्याच्या आधी आडनाव काढलं.
गावाला 'कर' जोडून राजपत्रात छापून आणलं,
काचेवर ते सोनेरी दिसतं.
आत दाबलेला भुसा,
वर सागाच्या रेषा छापलेला कागद.
पोरांना कुणी विचारलंच,
तर आजोबा फर्निचरमध्ये होते.

रात्री भाकरी मोडता मोडता मी म्हटलं,
अण्णा, सातासमुद्रापलीकडे तुमचे भाऊबंद निघालेत.
सगळी गोष्ट सांगितली, कुऱ्हाडीसकट.
वाटलं, डोळे भरतील बिरतील.
अण्णा म्हणाले, बोट कुठल्या लाकडाची?
मला माहीत नव्हतं.
मग म्हणाले, खुंटी निसटतेच कशी?
ओल्या लाकडाची ठोकली असणार.
एका सुतारानं घाई केली,
दुसऱ्यानं निस्तरली,
आणि नाव झालं दुसऱ्याचं.
चटणी वाढ.

सकाळी सातव्याच्या नावाच्या जागी
सांगितल्याप्रमाणे टिंबंच दिली.
आडनाव मात्र सावकाश टाइप केलं,
एकेक अक्षर बघत.
त्याच्या आधी एक जागा सोडायची असते.
ती अंगठ्यानं सोडतात,
हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा लक्षात आलं.