खेकड्याखालचं कलम

नेरूळच्या लायब्ररीत, पहिल्या मजल्यावर,
माझी खुर्ची खांबाशेजारची, तोंड भिंतीकडे.
भिंतीवर दर महिन्याला
कुणाचं ना कुणाचं काहीतरी लागतं.

आधी लक्ष नव्हतं.
मग ऑगस्टात खाडीतल्या खेकड्याचा फोटो आला,
एक नांगी दांडगी, एक नावापुरती,
आणि त्याच्याखाली बसून मी वित्त आयोग पाठ केला.
तेव्हापासून कलम दोनशे ऐंशी म्हटलं की
चिखलातून आधी नांगी वर येते.

मग सवयच लागली.
शाळेतल्या पोरांच्या कागदी मुखवट्यांखाली मूलभूत कर्तव्यं.
कर्तव्यं अकरा, मुखवटे बारा.
बारावा नुसता जीभ काढून बघायचा.
कुण्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या तिकिटांखाली
गोदावरीच्या उपनद्या.
अक्षरांच्या प्रदर्शनात एकट्या ळ ला आख्खी फ्रेम होती,
त्याच्या एका गोलात मी त्र्याहत्तरावी दुरुस्ती ठेवली,
दुसऱ्यात चौऱ्याहत्तरावी.

महिनाअखेरीस हसुराम भोईर स्टूल घेऊन येतात.
वाचणाऱ्यांना त्रास नको म्हणून
सगळं पक्कडीने, हळू, दात काढल्यासारखं.
फ्रेम उतरते,
जुन्या पेपरात गुंडाळली जाते,
आणि माझी एकेक ओळ तिच्यासोबत खोक्यात.

परीक्षेला नऊ दिवस उरले तेव्हा ळ उतरत होता.
म्हटलं, काका, हा एवढा राहू द्या ना.
"टेम्पो खाली उबा हाय," ते म्हणाले.
स्टुलावरच जरा थांबले.
"खिला ठेवतू."
त्यांच्या बोलीत ळ नाहीच.

कोपरखैरण्याची शाळा, वर्ग तिसरा,
फळ्याच्या वर एक रिकामा खिळा.
अडतिसाव्या प्रश्नाला मी मान वर केली.
पर्यवेक्षक बाईंना वाटलं, घड्याळ शोधतेय.
मी खेकडा टांगत होते.

निकाल लागायचाय.
लायब्ररीच्या पायऱ्यांशी आता भंगारातला फ्लेमिंगो उभा केलाय,
त्याच्या चोचीला कुणाची तरी छत्री,
आठवडा झाला, कुणी न्यायला येत नाही.
वर भिंतीवर बांबूच्या टोपल्या.
"आज पुस्तक नाय?" हसुरामकाका विचारतात.
नाही.
टोपल्यांखाली मी काहीच पाठ केलेलं नाही.
एकीची वीण मोजत बसते,
मध्येच चुकते,
पुन्हा पहिल्या काडीपासून.