कच्चे काम

बेलापूर, सेक्टर पंधरा, चौथा मजला.
खिडकीबाहेर ओहोटी, चिखल उघडा पडलाय.
स्क्रीनवरची माझी खाडी मात्र
सात दिवस झाले, मोजलेल्या पाण्याहून
वीतभर वरच.

शलाका गावंडने नोकरी सोडताना
हार्ड डिस्क हातात दिली. वर चिकटपट्टी:
‘ठाणे खाडी, गाळ. सगळं यात आहे.’
सगळं म्हणजे सगळंच.
अंतिम. अंतिम_२. अंतिम_खरंच.
अंतिम_सरांना_दाखवलेलं.
नवीन फोल्डर, त्याच्या पोटात नवीन फोल्डर,
त्याच्या पोटात वाशी पुलाचा तिरका फोटो
आणि एक कोष्टक; तिसऱ्या रकान्याला मथळाच नाही.
मीटर? फूट? देव जाणे.

मी तिला नावं ठेवली.
मग फाइलींना नावं ठेवायला बसलो.
आधी तारीख, वर्ष पुढे,
म्हणजे आपली आपण रांगेत उभी राहतात.
मग ठिकाण: विटावा, ऐरोली, दिवाळे.
मग काय बदललं ते, दोन शब्दांत.
मूळ मोजमापं वेगळ्या कप्प्यात, कुलूप लावून;
तिथे माझासुद्धा हात पोचायला नको.

तिसऱ्या रात्री ‘जुनं_टाकायचं’मध्ये
एक साधी टिपणवही निघाली.
‘१४ ऑगस्ट. जमलं नाही. तळाचं घर्षण वाढवलं,
पाणी कोपरीला तुंबलं.
१६. परत नाही. कारण कळत नाही.
१९. ऐरोलीची मोजपट्टी बदलली तेव्हा
शून्य वर बसवलं की काय? एकवीस सेंटिमीटर?
जाऊन बघायला हवं. उद्या आईचं ऑपरेशन.’
पुढे कोरं.

नेरूळच्या शाळेत तुंगारेबाई सांगायच्या,
उजवीकडे समास सोडा, कच्चं काम खोडू नका,
उत्तर चुकलं तरी मी तिथले मार्क देईन.
माझं अक्षर सुंदर. मी सगळं खोडायचो,
वर रबराचा चुरा फुंकून टाकायचो.

शलाकाला फोन लावला.
‘अरे, ते टाकायचंच होतं,’ म्हणाली,
आणि मग बराच वेळ काही नाही.
‘आई कशी आहेत?’ विचारायला
मला दोन वर्षं उशीर झाला होता.

शनिवारी ऐरोलीच्या जेट्टीवर
गुडघाभर चिखलात टेप धरून उभा राहिलो.
रात्री तिच्याच वहीत, तिच्या ओळीखाली लिहिलं:
‘बघितलं. एकवीस नाही, साडेएकोणीस.
शून्य सरकवल्यावर पाणी उतरलं.
उरलेला दीड कुठून येतो, कळत नाही.’

फोल्डरचं नाव तेवढं बदलायचं राहिलंय.