नळ गोठतील म्हणून

कॉलेज म्हणजे चार इमारती,
एक धान्याचं कोठार, तेही शेजारच्याचं,
आणि भोवती सास्कॅचवानची अशी सपाट जमीन
की कुत्रं पळून गेलं तर तीन दिवस दिसत राहतं
असं इकडे म्हणतात.
माझं मी दोनच दिवस पाहिलं.

यंदा विद्यार्थी एकोणीस.
सात पाळक व्हायला आलेत,
बाकीचे आईनं पाठवलं म्हणून.
मी ऑरलंड रायमर. भट्टी माझ्याकडे.
बर्फ उपसणं, उंदीर,
पदवीदानाला खुर्च्या मांडणं, तेही माझ्याकडेच.

भट्टी बरोबर चॅपलखाली.
ज्या पत्र्याच्या नळकांड्यातून ऊब वर जाते
त्यातूनच शब्द खाली येतात.
बांधणाऱ्याच्या हे ध्यानात आलं नसावं.
एकतीस हिवाळे ऐकतोय मी
मंगळवारचा उपदेशाचा सराव.
पोरं नरकापाशी घसा ताणतात,
स्वर्गाशी येईतो वेळ संपलेली असते.
मग डॉक्टर टेव्स खाकरतात:
तिसरा मुद्दा कुठं गेला?
तिसरा मुद्दा बहुधा माझ्याकडे आलेला असतो,
खाली, झडपेजवळ.

मुलींना हा सराव नाही.
त्या शिकतात लहान मुलांचा वर्ग कसा घ्यावा,
लोकरी फळ्यावर मेंढरं कशी चिकटवावीत.
नियमपुस्तक, पान अकरा.
मी यावर कधी विचार केला नव्हता.
खोटं कशाला बोलू.

जानेवारीत उणे अडतीस.
दहाला भट्टी उतरवायची, डीनचा हुकूम.
मी कळीला हात घातला
आणि वर पावलं वाजली. खुर्ची सरकली.
मग एका मुलीचा आवाज, फारसा मोठा नाही,
रिकाम्या बाकांना म्हणाला,
बसा.

आर्डिथ पेनर. स्वयंपाकघरात भांडी घासते,
त्यातून फी वळती होते.
तिनं नरक काढलाच नाही.
धाकट्या बहिणीविषयी बोलली,
शेततळ्यावर गेली होती ती,
बर्फानं तिला धरलं नाही.
म्हणाली, त्या रात्री गावातून अठ्ठावीस भांडी आली
शिजवलेल्या अन्नाची,
आणणाऱ्यांपैकी एकाच्याही तोंडून
परमेश्वराचं नाव निघेना.
मला वाटतं प्रार्थना तीच होती,
भांड्यांच्या बुडाशी चिकटपट्टीवर लिहिलेली:
फ्रीसन. डिक. म्हाताऱ्या मिसेस थीसन,
परत करायची घाई नाही.

मग थांबली. बराच वेळ.
तिसरा मुद्दा नव्हता. पहिलाही नव्हता.
मी कळीवरचा हात काढून घेतला.

पुढं हिवाळाभर दर गुरुवारी
भट्टी मध्यरात्रीपर्यंत.
एकदा तिला शब्द सापडेना.
मी पाना उचलला
आणि पत्र्यावर हलकेच एकदा ठोकला.
वर सगळं चिडीचूप.
वाटलं, मातीत घातलं मी.
मग ती म्हणाली, कोण असाल ते असा, आभार,
आणि पुढं निघाली.

मार्चमध्ये डीननी तेलाचं बिल समोर धरलं.
ऑरलंड, गुरुवारी एवढं काय जळतं?
म्हटलं, चॅपलचे नळ गोठतील म्हणून.
चॅपलला नळ नाहीत.
ते माझ्याकडे पाहत राहिले, मग बिलाकडे,
मग सही केली.
त्यांनाही मुली आहेत, तीन.

एप्रिलअखेर खुर्च्या मांडल्या, एकशे दहा.
तिच्या कागदावर "बालशिक्षण" होतं.
हस्तांदोलन करताना तिनं माझ्या नखांतली काजळी पाहिली,
बोलली काहीच नाही.
आता उत्तरेला एका वृद्धाश्रमात
रात्रपाळी करते, असं कानावर आलं.
तिथं रात्री माणसं जागीच असतात.

इकडे वर नवा पोरगा नरकावर आहे,
आवाज बरा आहे, घाई फार.
झडप किरकिरतेय.
तिला तेल घालायला हवं.