सोहार, रात्रपाळी

खाऱ्या पाण्याचा आलेख काढायचा, एवढंच काम.
पॅकेज म्हणालं, आधी दुसरं आण.
दुसऱ्याला हवं तिसरं, तिसऱ्याला
फोर्ट्रानचा कंपायलर,
माझ्याहून वयाने मोठा.

प्लांटातल्या मशीनला इंटरनेट नाही.
पेनड्राइव्ह घेऊन चौथ्यांदा गेटवर.
खल्फान वहीत नोंदतो, दर वेळी
पाचपोर नव्याने चुकवतो:
बाशबूर, बाजबूर,
आता नुसताच बाश.

साडेतीनला पडदाभर अक्षरं धावली,
पिवळे इशारे, इशाऱ्यांवर इशारे,
मग थांबली.

इम्पोर्ट लिहून एंटर दाबलं.
काहीच झालं नाही.
खालच्या ओळीत कर्सर लुकलुकत राहिला.

काहीच न होणं म्हणजे जमलं,
हे खल्फानला
माझ्या मोडक्या अरबीत कसं सांगू?
त्याने खजूर पुढे केला.
बी मी वहीवर ठेवली,
पाचव्या नोंदीच्या जागी.