ए साडेतीन

डॉक्टर लिनेट फुर्तादोनं माझ्या ओठांपाशी
चिनीमातीच्या दातांची पट्टी धरली,
सोळा दात, सोळा पांढरे,
आणि म्हणाली, अंकल, तुम्ही ए साडेतीन.

मला हसू आलं. तोंड उघडंच होतं, तिला कळलं नसेल.
पस्तीस वर्षं मी लोकांच्या भिंतींपाशी
असंच कार्ड धरत आलोय.
हस्तिदंती, मोतिया, सायीचा, शंखाचा;
बाई, पांढरा म्हणजे कुठला ते आधी ठरवा,
मग डबा उघडू.

भाच्यानं जहाजावरून खोका पाठवलाय.
आत जेल, एक नळी,
आणि कुणाच्याही तोंडात बसावा म्हणून केलेला,
कुणाच्याच तोंडात नीट न बसणारा साचा.
चौदा रात्री, अर्धा अर्धा तास. फुकट.
दोनच रात्री लावला.
दात होते तसेच, हिरडी मात्र फटफटीत,
ओल्या चुन्यात बोट राहिल्यासारखी,
आणि चहाचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात.
सुकांती म्हणाली, तिसऱ्या शिंपल्यांसकट चावल्यात काय?

इथं म्हापशाला, बेकरीच्या वरच्या मजल्यावर,
एका बैठकीत काम होतं.
हिरडीला आधी पडदा, मग औषध, मग निळा दिवा.
पंधरा हजार.
तेवढ्यात मी फेस्ताआधी एक अख्खं कपेल
आतून बाहेरून करून देतो,
परांचीचं भाडं धरून.

मग तिनं आरसा दिला. समोरच्या दातावर टिचकी मारली.
हा तुमचा नाही.

नाही. तो हळदोण्याच्या फादर मिनेझिसचा.
सव्विसाव्या वर्षी चर्चच्या घंटेखाली बांबू सुटला,
खाली आलो तो तोंडावर.
फादरनं आपल्या स्कूटरवरून नेलं,
पैसेही त्यांनीच भरले,
आणि शेजारच्या दातांशी असा जुळवून घेतला
की घरी आईनं विचारलं, पडला होतास ना, मग पडला कुठला?

आता कुणीही सांगेल.
मला वाटायचं, तोच दिवसेंदिवस पांढरा होत चाललाय,
जुन्या भिंतीत सिमेंटचं ठिगळ उठून दिसावं तसा.
तो जिथल्या तिथं आहे, अंकल, डॉक्टर म्हणाली.
त्याच्यावर चहा चढत नाही, बिडी चढत नाही,
आणि माझं औषधही चढणार नाही.
पट्टी पुन्हा लावली. तो ए दोन.
बाकीच्यांना तिथवर आणायचं आणि थांबायचं.
पुढं गेलात तर तोच पिवळा दिसेल.

थांबायचं कुठं, हे भाच्याच्या खोक्याला माहीत नाही.

निळ्या दिव्याची घाई करू नका, असंही तीच म्हणाली,
दुकानदारानं महाग डबा मागं सारावा तशी.
तुमच्या मापाचा साचा मी करते, सहा हजार,
घरी लावा, रोज आरशात बघा,
जुळलं की बंद.
पण त्याआधी सगळं खरवडायचं.
हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय
की खुर्चीत पडल्या पडल्या मान डोलावली.

तोवर चहा नाही, सोलकढी नाही, हुमण नाही.
भात, दही, ओलं खोबरं.
सुकांतीनं ऐकून घेतलं.
ती रोज सकाळी मागच्या दारी मिशेरी लावते,
आपल्या दातांचा नंबर तिनं कधी कुणाला विचारला नाही.
हळदीशिवाय हुमण मी करणार नाही, म्हणाली,
तुम्हीच त्या दिवशी उपाशी राहा.

परतताना सिग्नलला स्कूटरच्या आरशात ओठ वर केला.
सव्विसाव्या वर्षाचा एक पोरगा
तिथं एकटाच उभा आहे, हातात ब्रश असल्यासारखा,
आणि मी त्याला तसाच सोडून
एकतीस वर्षं पुढं आलो.
मागून बसवाल्यानं हॉर्न मारला.

सोमवारी माप द्यायला जातोय.
खोका भाच्याला परत कसा करायचा, ते बघू.