नारिन कचेरीतली नोंद

नऊ लॅपटॉप. त्यातले आठ मान टाकतात,
कधी बर्फाची खोली लिहिताना,
कधी नुसतं झाकण उघडताना.
निळा पडदा, आणि मग
काळ्या काचेत आपलंच तोंड.

आयसालकिननं विंडोज पुन्हा चढवलं,
ड्रायव्हर बदलले, पंख्यातली धूळ फुंकली,
रात्रभर मेमरी तपासली.
एकही चूक नाही.
टेबलावर सगळेच शहाणे.

साहेब म्हणाले, व्हायरस.
फरशी पुसता पुसता बुरुल एजे म्हणाली, दृष्ट.

नववा कुणाचा?

जिरगालचा. त्याला जीप लागते,
पहिल्याच वळणावर ओकतो.
म्हणून घोड्यावरून जातो नदी मोजायला,
लॅपटॉप लोकरीच्या नमद्यात गुंडाळून
पोटाशी बांधलेला.

बाकीचे आठ जीपच्या पत्र्यावर,
खडीच्या रस्त्यानं चार चार तास
दात वाजवत.

तिनं स्क्रू काढले.
मेमरीची पट्टी केसभर वर आलेली,
आठांतही.
अंगठ्यानं दाबली. टक्.
तीन आठवड्यांच्या वैतागाला
एवढासा आवाज.

अहवालात कारण : रस्ता.
उपाय : नमद्याचे आठ तुकडे.
घोड्याचं वाक्य साहेबांनी खोडलं.